कबरीवर तीन ओळी आहेत, बाकीचं आयुष्य कुठे शोधायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर) तुमच्या गावाबाहेर जुनी ख्रिस्ती दफनभूमी आहे. तिथल्या एका काळ्या दगडावर बाईचं नाव, खाली ‘बायबलबाई’, ‘वय ५५’ आणि ‘ऑक्टोबर १९१८’ एवढंच वाचता येतं. आडनाव नाही, नवऱ्याचं नाव नाही. ती तुमच्या नात्यातली नाही, पण शाळेत जाता-येता तो दगड वर्षानुवर्षं दिसतो आणि ही कोण होती ते कळावं असं वाटतं. गुगलवर काही सापडलं नाही, तर माहिती कुठे मिळेल?

मी मोडी कागद वाचते आणि लोकांना त्यांच्या घराण्याच्या जुन्या नोंदी शोधून देते. या कामात वीसेक वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगते, माहिती कुठे मिळेल ही तुमची खरी अडचण नाही. माहिती मिळते, अपेक्षेपेक्षा जास्तच मिळते. मिळालेली नोंद याच बाईची कशावरून, हे ठरवणं अवघड असतं. त्या काळी एका गावात एकाच नावाच्या चार बाया सहज असत, आणि कागदावर त्यांच्यातला फरक फक्त ‘अमक्याची बायको’ किंवा ‘तमक्याची आई’ एवढाच असे. म्हणून थेट तिला शोधायला जाऊ नका. तिच्या आजूबाजूची माणसं शोधा, ती हाती लागली की त्यांच्यामध्ये ही दिसते.

एकदा मी चुकीचीच बाई शोधून दिली होती. नाव तेच, गाव तेच, मंडळी (म्हणजे गावातलं चर्च आणि त्याचे सभासद) तीच, वयही जवळपास जुळत होतं. आठ महिने आम्ही तिचं आयुष्य रचत बसलो. शेवटी एका लग्नाच्या रजिस्टरात साक्षीदार म्हणून तिची सही दिसली, आणि ते लग्न तिच्या ‘मृत्यू’नंतर दोन वर्षांनी झालेलं होतं. त्या कुटुंबाला फोन करताना काय वाटलं असेल याची कल्पना करा. तेव्हापासून तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून एकाच बाईकडे बोट दाखवलं गेल्याशिवाय मी ‘हीच ती’ म्हणत नाही.

सुरुवात दगडापासून करा, पण तो घासू नका. तारेचा ब्रश, ॲसिड, अक्षरांत खडू किंवा चुना भरणं हे सगळं टाळा. काळ्या दगडाला त्याने ओरखडे पडतात आणि शहाबादी फरशी असेल तर तिचे पापुद्रेच निघतात. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा, म्हणजे तिरप्या उजेडात उथळ अक्षरंही सावली धरतात. ढगाळ दिवशी आरशाने किंवा बॅटरीने बाजूने उजेड टाका. दगडावर साधं पाणी शिंपडून तो वाळत असताना पाहिलंत तर खाचांमध्ये ओल जास्त वेळ राहते आणि कधी कधी अख्खी ओळ उमटते. बायबलातलं वचन कोरलेलं असेल तर त्याच्या खालीही बघा. कबर कुणी बांधली ते बहुधा तिथे, अगदी जमिनीलगत लिहिलेलं असतं, आणि मातीची भर पडून नेमकी तीच ओळ गाडली जाते. हाताने वीतभर माती बाजूला करायला हरकत नाही, मात्र आधी मंडळीच्या पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, विचारून.

आकडे वाचताना १ आणि ९ यांची गल्लत फार होते. वयावर तर विश्वासच ठेवू नका. ५५, ६०, ७० अशी वयं अंदाजाने सांगितलेली असतात. तुमच्या बाईचा जन्म १८६३ च्या आसपास धरा, पण शोधताना १८५५ ते १८७० एवढा पट्टा मोकळा ठेवा. दगड मृत्यूच्या वेळचाच आहे असंही गृहीत धरू नका. मुलांच्या हातात पैसा आल्यावर वीस वर्षांनी दगड बसवल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत, आणि मग त्यावरची तारीख आठवणीतून आलेली असते.

मग त्या रांगेतल्या सगळ्या कबरींचा नकाशा काढा, फक्त तिच्या एकटीचा नाही. काही दफनभूमींत जागा तारखेच्या क्रमाने भरत जाते, काहींत कुटुंबं जवळजवळ असतात, तर काहींत जुन्या कबरींवरच नव्या आल्या आहेत. तुमच्याकडे यातलं काय आहे ते नकाशा काढल्यावर पाच मिनिटांत समजेल. तिच्याभोवती ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१८ च्या आणखी कबरी असतील तर तिच्या मरणाचं कारण जवळपास कळलंच. तो इन्फ्लुएंझाच्या साथीचा काळ होता. मुंबई इलाख्यात त्या शरद ऋतूत साथ शिगेला पोहोचली होती, देशभरात कोटीहून अधिक माणसं दगावली. आपल्याकडे तिला ‘मानमोडी’ म्हणत. म्हाताऱ्या माणसांना इन्फ्लुएंझा विचाराल तर ती मान हलवतील, मानमोडी विचाराल तर बोलायला लागतील.

म्हाताऱ्या माणसांकडे कागदांच्या आधी जा. कागद अजून पाच वर्षं थांबतील. १९१८ ची साक्षीदार आज कुणी नाही, पण ‘आमची आजी सांगायची’ म्हणणाऱ्या ऐंशी-नव्वदीतल्या बाया आहेत. माझा अनुभव असा की पुरुष जमिनीचं आणि भांडणांचं सांगतात, तर बायांकडून कोण कुठून सून म्हणून आली आणि कुणाचं बाळंतपण कुणी केलं हे कळतं. तुम्हाला दुसरं हवं आहे. ‘या बाईविषयी काय माहीत आहे?’ असं विचारू नका, उत्तर ‘काही नाही’ असंच येईल. ‘तुमच्या लहानपणी या कबरीवर फुलं कोण ठेवायचं?’ असं विचारा. आणि घरात जुनं बायबल किंवा भजनाचं पुस्तक असेल तर त्याची पहिली-शेवटची कोरी पानं बघू द्या म्हणा. जन्म, बाप्तिस्मा, मृत्यू यांच्या तारखा अनेक घरांत तिथेच लिहिलेल्या असतात.

आता ‘बायबलबाई’ या शब्दाकडे वळू. तुम्ही तो ओलांडून पुढे गेलात, पण तुमच्या हातातला सगळ्यात मोठा धागा तोच आहे. बायबलबाई म्हणजे मिशनने पगार देऊन नेमलेली, घरोघरी जाऊन बायकांना वाचून दाखवणारी, कधी वाचायला शिकवणारी बाई. म्हणजे हिला वाचता येत होतं. १८६३ च्या सुमारास खेड्यात जन्मलेल्या मुलीला वाचता येणं ही साधी गोष्ट नव्हे. एकतर ती लहानपणी मिशनच्या शाळेत किंवा बोर्डिंगमध्ये होती, नाहीतर मोठेपणी ख्रिस्ती झाल्यावर शिकली. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं ठाणं १८३१ पासून होतं, आणि मुलींच्या शाळा तिथे तिच्या जन्माआधीपासून चालत होत्या. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात ती तेरा-पंधरा वर्षांची असणार. त्या दुष्काळानंतर नगर जिल्ह्यात गावंच्या गावं मिशनकडे वळली. म्हणून बाप्तिस्म्याची नोंद शोधताना १८७७ ते १८८५ ही वर्षं मी आधी घेईन. आणखी एक, बायबलबाया पुष्कळदा विधवा असत, किंवा उपदेशकाच्या नाहीतर शाळामास्तरांच्या बायका. तुमच्या दगडावर नवऱ्याचं नाव नाही म्हणून पहिली शक्यता मनात ठेवा, पण पेन्सिलने.

सगळ्यात आधी ती कोणत्या मंडळीची ते ठरवा. नगरच्या ग्रामीण भागात अमेरिकन मिशनखेरीज १८७० च्या दशकापासून एस. पी. जी. हे अँग्लिकन मिशन होतं, रोमन कॅथलिक मिशनही होतं. एकाच गावात दोन मंडळ्या असू शकतात आणि प्रत्येकीची रजिस्टरं वेगळी. पुढे १९७० साली सी. एन. आय. (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली तेव्हा बऱ्याच प्रोटेस्टंट मंडळ्या एका छत्राखाली आल्या, पण कागद एका छत्राखाली आले असं नाही. कुठे ते पाळकांच्या कपाटात आहेत, कुठे डायोसीजच्या (बिशपच्या धर्मप्रांताच्या) कार्यालयात, कुठे एखाद्या जुन्या पंचाच्या माळ्यावरच्या ट्रंकेत. नेमके कुठे हे गावागणिक बदलतं, त्यामुळे तुमच्या गावाचं उत्तर मी इथे बसून देऊ शकत नाही. पाळकांना भेटताना मोकळ्या हाताने जाऊ नका. आधी काढलेला कबरींचा नकाशा आणि फोटो त्यांना भेट द्या. मंडळीच्या उपयोगाची वस्तू घेऊन आलेल्या माणसासाठी कपाटं लवकर उघडतात.

रजिस्टर मिळालं की त्यात काय पाहायचं? बाप्तिस्म्याच्या नोंदीत प्रौढ माणसाचं जुनं नाव, गाव, पुष्कळदा जात आणि बापाचं नाव असतं. नाव बदललेलं असेलच असं नाही. मराठी ख्रिस्ती बायकांनी गंगा, सगुणा, यमुना ही नावं तशीच ठेवल्याची खूप उदाहरणं आहेत, आणि नव्याने सारा किंवा रूथ झालेल्याही आहेत. लग्नाची नोंद याहून उपयोगी. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ठेवलेल्या रजिस्टरात वधूचं वय, ती कुमारी की विधवा, राहण्याचं ठिकाण, बापाचं नाव आणि साक्षीदार हे सगळं येतं. त्या पानावर सहीच्या जागी काय आहे ते नीट पाहा. जुन्या कागदांवर लिहिता न येणाऱ्याची ‘निशाणी’ असते, शेतकऱ्याची नांगर, बाईची बांगडी, पुढच्या काळात अंगठा. लग्नाच्या वेळी तिने बांगडीची निशाणी केली असेल आणि पुढे ती बायबलबाई झाली असेल, तर ती लग्नानंतर शिकली हे कुणी न सांगता कळलं. मला अशी निशाणी दिसली की त्या दिवशी दुसरं काम होत नाही.

साक्षीदारांची नावं उतरवून घ्या. तिच्या लग्नात साक्षीला असलेली माणसं तिच्या मुलांच्या बाप्तिस्म्याला पुन्हा दिसली तर दोन्ही नोंदी एकाच बाईच्या, असं बऱ्यापैकी ठामपणे म्हणता येतं. वर म्हटलं ते आजूबाजूच्या माणसांचं जाळं म्हणजे हेच. आडनावाच्या मागे मात्र लागू नका. त्या पिढीत पुष्कळ घरांना पक्कं आडनाव नव्हतं. कुणाचं गावावरून ‘कर’ लागून झालं, कुणाचं शाळेत मास्तरांनी आजोबांच्या नावावरून लिहिलं, आणि दोन सख्ख्या भावांची आडनावं वेगळी निघाली.

सरकारी बाजूला तुमच्यासाठी महत्त्वाचं एकच रजिस्टर आहे: गाव नमुना १४, म्हणजे ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. जातीच्या दाखल्यासाठी लोक ज्याची नक्कल काढतात तेच. त्यात गावातले जन्म-मृत्यू तारखेनिशी आहेत आणि ते तहसीलच्या अभिलेख कक्षात असतं. २०२३ पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा राज्यभर ही बासनं सोडली गेली, बरीच स्कॅनही झाली. त्यामुळे आता ‘सापडत नाही’ हे उत्तर पूर्वीइतकं सहज मिळत नाही. अर्जात महिना आणि वर्ष स्पष्ट लिहा: सप्टेंबर ते डिसेंबर १९१८, मृत्यू. नोंद मोडीत असण्याची शक्यता धरा.

त्यात ती तिच्या नावाने सापडेल ही अपेक्षा ठेवू नका. जुन्या दप्तरात मुलगा ‘बिन’ने बापाला जोडलेला असतो आणि बायको ‘कोम’ने नवऱ्याला, ‘गंगा कोम रामा’ म्हणजे रामाची बायको गंगा. कुठे ‘भ्रतार’ किंवा नुसतं ‘भ्र.’ असतं. तो ‘कोम’ तुम्हाला हवा आहे, कारण दगडाने लपवलेलं नवऱ्याचं नाव तिथे मिळतं. जातीच्या रकान्यात ‘ख्रिस्ती’, ‘किरिस्ताव’ किंवा बाप्तिस्म्याआधीची जात, काहीही असू शकेल. म्हणून फक्त ‘ख्रिस्ती’ शोधत पानं उलटलीत तर ती निसटेल. मरणाच्या कारणात ‘ताप’ असेल, त्या वर्षी सगळ्यांचंच तसं आहे. आणि नोंद नसलीच तर ती तिथे मेली नाही असं समजू नका. साथीत लिहिणाराही अंथरुणाला खिळलेला असे.

नवऱ्याचं नाव मिळालं की जमिनीचे कागद बोलू लागतात. फेरफार म्हणजे गाव नमुना ६, आणि वारसांची नोंदवही म्हणजे ६-क. जमीन असेल तर नवरा गेल्यावर तिचं आणि मुलांचं नाव तिथे चढलेलं दिसेल. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने फेरफार आता ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर आहेत. जमीन नसेल, आणि बायबलबाईच्या घरात नसण्याचीच शक्यता जास्त, तर हा रस्ता सोडा. मुलांची नावं कळली तर मात्र मिशनच्या किंवा लोकल बोर्डाच्या शाळेत प्रवेश-निर्गम उतारा मागा. पालकाच्या रकान्यात बापाऐवजी आईचं नाव असेल तर ती तेव्हा विधवा होती याला बळकटी येते.

काही ठिकाणी वेळ घालवू नका. जनगणनेच्या घरोघरच्या याद्या इंग्लंड-अमेरिकेत मिळतात म्हणून लोक इथेही मागायला जातात. आपल्याकडे १९११ ची आकडेवारी छापील आहे, घरांच्या याद्या ठेवलेल्या नाहीत. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या बाप्तिस्मा-विवाह-दफनाच्या नकला आहेत, पण त्या प्रामुख्याने युरोपियन आणि अँग्लो-इंडियन कुटुंबांच्या. तुमच्या शेजारच्या गोऱ्या साहेबाची कबर तिथे सापडेल, ही बाई नाही.

ती अमेरिकन मिशनची निघाली, तर तुमचं नशीब चांगलं. ‘ज्ञानोदय’ हे मिशनचं मराठी पत्र १८४२ पासून निघत आलं आहे आणि त्यात मंडळीतल्या माणसांच्या मृत्यूच्या बातम्या येत. नोव्हेंबर १९१८ पासून पुढचे सहा महिन्यांचे अंक चाळा, साथीमुळे बातम्या उशिरा छापल्या गेल्या असतील. मिशनचे छापील वार्षिक अहवाल इंग्रजीत आहेत आणि बरेच ऑनलाइन आहेत. त्यात ठाण्यागणिक बायबलबायांची संख्या असते, कधी एखादीविषयी परिच्छेदभर मजकूर. हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकेतल्या मुख्य बोर्डाची कागदपत्रं हार्वर्डच्या हाउटन लायब्ररीत आहेत. शिवाय १८६८ मध्ये बॉस्टनला स्थापन झालेल्या स्त्रियांच्या मिशन बोर्डाकडून अनेक बायबलबायांचा पगार येई. पैसे देणाऱ्या तिकडच्या बायांना ‘आमच्या बायबलबाई’ची खबर कळवावी लागे, म्हणून त्या बोर्डाच्या मासिकात नगरहून गेलेली पत्रं आहेत. शोधताना तिच्या नावाची इंग्रजी स्पेलिंगं चार-पाच तऱ्हेने करून पाहा, त्या काळी ज्याला जसं ऐकू आलं तसं तो लिहीत असे.

हे वाचताना एक भान ठेवा. ती पत्रं देणग्या मिळाव्यात म्हणून लिहिलेली असत. त्यातली बायबलबाई नेहमी श्रद्धाळू, कष्टाळू आणि मरताना शांत असते. तिने पाळकाशी वाद घातला का, पगार वेळेवर मिळत होता का, हे तिथे यायचं नाही. ते आलंच तर मिशनच्या हिशेबात किंवा मंडळीच्या पंचांच्या इतिवृत्तात. मी आधी इतिवृत्त मागते, कौतुकाचा मजकूर नंतर.

वंशज सापडले तर? सापडतील, बहुधा पुण्यात किंवा मुंबईत. त्यांना तिची बाप्तिस्म्याआधीची जात, पहिलं लग्न, कुणी टाकून दिलेलं मूल, असं काही माहीत नसेल किंवा माहीत असूनही बोलायचं नसेल. जे सापडलं ते आधी त्यांना दाखवा, मगच गावच्या ग्रुपवर टाका. ते नको म्हणाले तर माझ्या मते जातीचा आणि लग्नांचा तपशील टाकू नये. शंभर वर्षं झाली तरी तो त्यांच्या घरचा आहे.

कामाचा क्रम पुन्हा एकदा: दगड आणि रांग, मग म्हाताऱ्या बाया, मग मंडळीची रजिस्टरं, मग कोतवाल बुक, आणि नवरा व मंडळी कळल्यावर छापील कागद. वहीत तीन रकाने करा: दगड काय सांगतो, कागद काय सांगतात, लोक काय सांगतात. तुमचा अंदाज चौथ्या रकान्यात पेन्सिलने, आणि तो इतर तिन्हींत कधीही मिसळू देऊ नका.

कोतवाल बुकाची नोंद सापडलीच तर फक्त तिच्या ओळीची नक्कल घेऊन येऊ नका, पूर्ण पान मागा, जमल्यास त्याच्या आधीचं आणि नंतरचंही. त्याच आठवड्यात त्याच ‘कोम’च्या किंवा ‘बिन’च्या नावाने आणखी कुणी गेलं आहे का ते त्या पानावर दिसेल. मानमोडीत एका घरातून दोन-तीन माणसं जात. मोडी लागली नाही तर पानाचा सरळ उजेडात, कडा दिसतील असा फोटो काढून मला दाखवा, मी वाचून देईन.